भिंतीवरच्या फोटोसाठी फ्लॅश

आमच्या दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आपल्या मरणाच्या तयारीतलं एकच काम माझ्याकडे दिलं. भिंतीवर लावायचा फोटो. शेत, घराचे कागद, पेन्शनीचं काय ते सगळं भावाकडे, आणि फोटो तेवढा माझ्याकडे. पाथरीच्या शाळेत पोरांना भूगोल शिकवून उरलेल्या वेळात मी कॅमेऱ्याचा नाद करते आणि या नादाचा आजवर घरातल्या कुणालाही काडीचा उपयोग झालेला नाही, असं दादांचं मत होतं. आता होऊ दे म्हणाले.

"मी गेल्यावर तुमी काय करणार ते मला माहीत हाय," ते म्हणाले. "कुनाच्या तरी लग्नातला फोटो हुडकणार. बाजूची मानसं कापून टाकणार. माझ्या खांद्यावर कुनाचा तरी तुटका हात तसाच ऱ्हाईल. न्हाई तर आधार कार्डावरचा मोठा करून आणणार. त्याच्यात मी खिसेकापू दिसतो."

"असं काय बोलता हो दादा?" मी म्हणाले. मुलीनं असं म्हणायचं असतं.

"खोटं बोलायलो का?"

खोटं नव्हतं. आमच्या गंगाखेडात धडधाकट माणसाचा एकट्याचा फोटो कुणी काढत नाही. म्हाताऱ्या माणसाला खुर्चीवर बसवून समोर कॅमेरा धरला की गल्लीत चौकशी सुरू होते, तब्येत बरी न्हाई का म्हणून. त्यामुळे सगळे टाळतात आणि माणूस गेला की त्याच दिवशी सगळ्यांचे मोबाईल फोटोसाठी उलटेपालटे होतात. आमच्या मायचं असंच झालं होतं.

मायचा एकटीचा फोटो सापडला तो एकच, दादा मास्तरकीतून निवृत्त झाले त्या कार्यक्रमातला. त्या दिवशी दादांचे हारासकट, शालीसकट, नारळासकट इतके फोटो निघाले की अल्बमचं झाकण बसेना. माय मागं भिंतीला टेकून उभी होती. फोटोग्राफर जाता जाता "ओ काकू" म्हणाला, ती वळली, आणि त्यानं तिच्या तोंडावर फ्लॅश मारला. झालं. कपाळावर पांढराफटक डाग, डोळे विस्फारलेले, तोंड अर्धवट उघडं आणि पाठीमागं भिंतीवर तिची काळीकुट्ट सावली. तोच फोटो मोठा करून हॉलमध्ये लावलाय. दादा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "आमची मंडळी अशी नव्हती. लय हासायची. हितं नुसती दचकलीय."

भावानं एकदा तो फोटो कॉम्प्युटरवर नीट करून आणला होता. सावली गेली खरी, पण तिच्या जागी धबधबा आला. माय गोरीपान झाली, ओठ लाल झाले, आणि गालावरचा तीळसुद्धा त्या माणसानं डाग समजून पुसला. दादांनी फ्रेम हातात घेतली, लांब धरली, जवळ धरली आणि वहिनीला म्हणाले, "ही कोन बाई आणली घरात? हिला चहा पाजून लावून द्या." जुना फोटो परत खिळ्यावर गेला.

तेव्हा दादांची मागणी साधी होती. त्यांचा फोटो त्यांच्यासारखा दिसला पाहिजे, आणि तो त्यांनी स्वतः बघून पास केला पाहिजे. त्या हिवाळ्यात दोनदा दवाखाना झाला होता. दोन्ही वेळा ते घरी आले, पण दुसऱ्यांदा आले तेव्हा जिना चढताना मध्येच थांबून त्यांनी मला विचारलं, "माझ्या कामाचं काय झालं?" मी हो हो म्हणाले आणि त्या आठवड्यात पहिल्यांदा मला खरोखर भीती वाटली. हे एक काम वेळेत झालं नाही तर पुढं आयुष्यभर त्या भिंतीकडं बघायचं कसं?

हॉलमध्ये उजेड बेताचा. एकच खिडकी, तीही शेजारच्यांच्या भिंतीकडं उघडणारी. बाहेर अंगणात काढू म्हटलं तर दादा म्हणाले, "फोटो घरात लावायचा हाय ना? मंग घरातच काढ. अंगणातला मानूस घरात पाव्हण्यासारखा दिसतो." माझ्या कॅमेऱ्याच्या डोक्यावर उघडणारा इवलासा फ्लॅश म्हणजे मायच्या फोटोवर ज्यानं घाव घातला त्याचाच धाकटा भाऊ. म्हणजे बाहेरून लावायचा मोठा फ्लॅश घेणं आलं.

परभणीच्या दुकानात आमच्या घरच्यांना, म्हणजे नवऱ्याला, सोबत नेलं, ही चूक झाली. आमच्या घरच्यांना कॅमेऱ्याचं पुढचं तोंड कुठलं आणि मागचं कुठलं हे अजून नीट ठाऊक नाही. पण दुकानदार बोलायला लागला तो त्यांच्याशीच.

"सर, हा बघा. एवढी पॉवर कुठं मिळणार न्हाई. वरातीतल्या शेवटच्या मानसापर्यंत उजेड जातो."

सरांनी मान डोलावली. कौतुकानं फ्लॅश हातात घेऊन वजन केलं, भाजीवाल्याकडं भोपळा पारखतात तसं.

मी म्हणाले, "भाऊ, मला वरात काढायची नाही. एकच माणूस काढायचाय आणि तो खुर्चीतून उठत नाही. याची मुंडी फिरते का?"

"मुंडी?"

"मुंडी. वर होते का? मागं वळते का?"

त्याची मुंडी वळत नव्हती. फ्लॅशची म्हणते. मग त्यानं दुसरा काढला. तो वर व्हायचा, पण बाजूला वळायचा नाही. तिसरा सगळीकडं वळत होता. त्यात उजेड आपोआप ठरवायची सोय होती आणि हातानं कमी-जास्त करायचीही. मला हातानं करायची जास्त गरज होती. दादा डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत असतात. कॅमेऱ्याला समोर एवढं पांढरं दिसलं की तो उजेड फार झाला समजून आखडता हात घेतो आणि माणसाचं तोंड काळवंडतं. शिवाय फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवून लांब ठेवता यावा आणि तिथून पेटवता यावा, म्हणून एक बिनतारी ट्रिगर घेतला. दुकानदारानं फ्लॅशच्या तोंडावर बसवायचं एक पांढरं प्लॅस्टिकचं टोपण वर दिलं. "हे लावा सर, उजेड मऊ मऊ येतो."

"बघ, मऊ येतो म्हणे," आमचे घरचे गाडीत बसल्यावर म्हणाले. जसं काही त्यांनीच शोध लावला.

घरी आल्यावर त्यांनाच खुर्चीत बसवलं. पहिला फोटो टोपण न लावता समोरून मारला. नाक चकाकतंय, कानाच्या मागं सावली, डोळे चोरटे. असा फोटो पोलीस चौकीच्या फळ्यावर शोभून दिसला असता. मग टोपण लावून मारला. फरक शोधायला चष्मा लागला. उजेड मऊ करायचा म्हणजे उजेडाचं तोंड मोठं करायचं, हे मला त्या दिवशी नीट उमजलं. भर दुपारी उन्हात उभं राहिलं की नाकाची सावली ओठांवर पडते, आणि आभाळ भरून आलं की सावली हरवते. सूर्य काही बदलत नाही. मध्ये एवढं मोठं आभाळ येतं म्हणून उजेड सगळीकडून येतो. मुठीएवढ्या टोपणानं आभाळाचं काम कसं होणार? शेवटी मुंडी वर केली, छताकडं तोंड करून मारला, आणि आमचं पांढरं छतच उजेड होऊन खाली आलं. आमचे घरचे इतके सज्जन दिसले की मलाच क्षणभर गैरसमज झाला.

"हा फोटो जपून ठेव," ते म्हणाले. "भिंतीसाठी."

"तुमचा नंबर अजून लांब आहे," मी म्हणाले. पण युक्ती सापडली होती. छताकडं मारायचं. मी खुशीत रेल्वेनं गंगाखेडला निघाले.

दादा सकाळपासून तयार. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, धोतर, वर करडं जाकीट. वहिनीनं त्यांना दाढी करताना दोनदा आरसा बदलून दिला होता. मी फ्लॅश बसवला, मुंडी छताकडं केली, फोटो काढला आणि पडद्यावर बघितलं.

दादा निळे.

थोडेबहुत नाही, चांगले निळे. कान निळे, मिशा निळ्या, सदरा तर नीळ जास्त झालेल्या कपड्यासारखा. मी वर बघितलं आणि कपाळाला हात लावला. आमचं बौद्ध घर. भावानं मागच्या जयंतीला हॉलला आपला रंग दिला होता, आणि आमचा भाऊ एकदा करायला लागला की अर्ध्यावर थांबत नाही, त्यानं छतसुद्धा सोडलं नव्हतं. चारही भिंती निळ्या, वर निळं. माझा उजेड छताला जाऊन निळा होऊन दादांच्या डोक्यावर उतरत होता. या घरात मी जन्माला आले, दर सणाला येते, आणि भिंतींचा रंग माझ्या ध्यानातच आला नाही. आपल्याला आपलं घर कुठं दिसतं?

दादांनी फोटो बघितला आणि इतके हसले की वहिनी पाणी घेऊन धावली. "जनमभर निळा झेंडा धरला," ते म्हणाले, "आता मी सोताच झेंडा झालो! हाच लाव. लोक म्हनतील, मानूस पक्का होता."

मी लॅपटॉपवर तो निळा रंग काढून बघितला. निळं गेलं, पण दादांना कावीळ झाली. ते टोपण लावून बघितलं, तर टोपणानं उजेड चारही निळ्या भिंतींवर सारखा वाटला. आधी वरूनच निळे होते, आता सगळीकडून झाले.

"पांढरं काहीतरी पाहिजे," मी म्हणाले. "मोठं. पातळ."

वहिनीनं चादर आणली, ती जाड निघाली, उजेड पलीकडं जाईना. टेबलावरचा कपडा आणला, त्यावर मोर. मग माझं लक्ष दोरीवर वाळत असलेल्या दादांच्या दुसऱ्या धोतराकडं गेलं. धुऊन धुऊन विरलेलं, आरपार बोट दिसेल इतकं पातळ, आणि लांबी तर विचारूच नका. खिडकीच्या गजापासून पाळण्याच्या कडीपर्यंत दोरी बांधली, धोतर तिच्यावर पसरलं, फ्लॅश पलीकडं स्टुलावर ठेवला आणि दादांची खुर्ची धोतराच्या अगदी जवळ ओढली. कापड जितकं जवळ तितकं माणसाला मोठं, आणि उजेड तितका मऊ.

"माझ्याच धोतरातून माझ्यावर उजेड पाडायलीस?" दादा म्हणाले. "कुनाला सांगू नको बाई."

"सांगत नाही. चष्मा काढता का? काचेत फ्लॅश दिसतोय."

"बिलकुल न्हाई."

"दादा, एका फोटोपुरता."

"अगं, एका फोटोपुरता म्हनजे कायमचाच की. आपन आत्मा-बित्मा मानत न्हाई हे कबूल. पन त्या भिंतीवर बसून मला समोर पेपर दिसला पायजे."

मग स्टुलावर डबा ठेवून फ्लॅश वर चढवला, चष्म्याच्या काड्या कानावर जरा उचलल्या, हनुवटी खाली घ्यायला सांगितली. काचेतली चमक गेली. फोटो काढला. आणि खरं सांगते, मला गहिवरून आलं. दादा होते तसे आले होते. सावळे, थकलेले, डोळ्यांत जराशी खोडी. सुरकुत्या सगळ्या होत्या, पण त्या दिसत होत्या, टोचत नव्हत्या. मागच्या भिंतीवर सावली कुठंच नव्हती. आमच्या घरच्यांना फोनवर पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "हे बघून कुणालाही वाटेल, यांनी वर्गात कधी छडी उचललीच नाही."

दादांनी मात्र नुसतं "हं" केलं. "मोठा करून आन. कागदावर बघू."

फोटो छापून आणल्यावर फ्रेम करायला दादा स्वतः माझ्याबरोबर बाजारात आले. दुकानदार नवा होता. त्यानं फोटो उचलला, मान हलवली आणि हळू आवाजात मला विचारलं, "कधी गेले?"

"अजून जायचोय," शेजारून दादा म्हणाले. "तू बनव तोवर."

त्या बिचाऱ्यानं काच कापताना तीन वेळा वर मान करून खात्री करून घेतली. रिक्षात बसल्यावर दादा घरापर्यंत हसत होते. मीही हसत होते. काम झालं, असं मला वाटत होतं.

घरी येऊन त्यांनी फ्रेम मायच्या शेजारी धरायला सांगितली. अजून खिळा मारायचा नाही, नुसतं धरायचं. मी आणि वहिनीनं दोन बाजूंनी धरली. दादा समोर खुर्चीत बसले आणि बघत राहिले. माझे हात भरून आले.

"सरळ आहे का?" मी विचारलं.

"सरळ हाय. फोटो लय चांगला हाय, बाई. तुझ्या हाताला यश हाय."

"मग?"

"मी मजेत हाय त्याच्यात. आन ही बघ कशी दचकलीय." त्यांनी मायकडं बोट केलं. "शेजारी शेजारी लावल्यावर कळायलंय. कुनी बी बघंल तर म्हनंल, म्हाताऱ्यानं बायकोला जनमभर धाकात ठेवलं."

"ठेवलं होतंच थोडं," वहिनी म्हणाली. तिला त्या घरात सगळं बोलायची मुभा आहे.

दादा हसले नाहीत. "मायचा ह्या उजेडात नवा काढता येतो का?" त्यांनी विचारलं.

त्यांना माहीत होतं की येत नाही. मलाही माहीत होतं. तरी मी मायची फ्रेम उतरवली, काचेत चमक येते म्हणून फोटो बाहेर काढला, धोतर पुन्हा दोरीवर टाकलं आणि फोटोचा फोटो काढला. कागदावरच्या सुरकुत्या गेल्या. बाकी माय होती तशीच राहिली, कपाळावर डाग, मागं सावली. माझा उजेड कागदापर्यंतच पोचत होता. त्या दिवसापर्यंत तो कसा पोचणार?

"ऱ्हाऊ दे," दादा म्हणाले. मग खुर्ची उचलायला सांगितली आणि निळ्या भिंतीला पाठ टेकून, मायसारखेच उभे राहिले. "ते धोतर काढ. फ्लॅशची मुंडी सरळ कर आन माझ्या तोंडावर मार."

माझा संताप झाला. "दादा, एवढ्यासाठी मी परभणी पालथी घातली? पाच वेळा खुर्ची हलवली? तोंडावर मारायचा होता तर कॅमेऱ्यातला फ्लॅश काय वाईट होता?"

"वाईटच काढ. दोघं सारखे दिसू."

"मला नाही काढायचा तुमचा तसला फोटो."

"तुझा न्हाई, माझा फोटो हाय."

मी फ्लॅश काढून कॅमेऱ्यावर चढवला. रागारागानं मुंडी सरळ केली. भिंतीला टेकलेले दादा किती लहान दिसत होते ते मला तेव्हा दिसलं. मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि सवयीनं म्हणाले, "हं दादा, इकडं बघा. एक, दोन..."

"अगं, सांगू नको!" दादा ओरडले. "सांगू नको मारताना. तिला कुनी सांगितलं हुतं?"

वहिनी आत निघून गेली. मी कॅमेरा खाली घेतला, कारण मला समोरचं काही दिसेना. दादा वाट बघून कंटाळले आणि चहाचं काय झालं म्हणून स्वयंपाकघराकडं तोंड करून हाका मारायला लागले. त्यांची हाक अर्ध्यात असताना मी "ओ दादा" म्हणाले. ते वळले आणि मी सरळ त्यांच्या तोंडावर फ्लॅश मारला.